कार्यालयाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण बँकेच्या अधिकाऱ्याला पहिल्या बदलीतच पटते. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी दहा वेळा घर हलवले आणि एकदा संपूर्ण कार्यालय. घराच्या दहा बिऱ्हाडांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. भांडी पोत्यांत, पुस्तके ट्रंकेत, आणि देवघर सर्वांत शेवटी उतरवून नव्या जागी सर्वांत आधी मांडायचे, एवढा क्रम आमच्या घरी ठरून गेला होता. कार्यालयाच्या बिऱ्हाडाविषयी मात्र लिहावे असे बरेच दिवस मनात होते. सेवानिवृत्तीनंतर मी राणीसावरगावी येऊन राहिलो, हातात वेळ आला, तरी लेखणी काही उचलली गेली नव्हती.

आता निमित्त झाले ते पुतण्याचे. आमच्या चुलत घराण्याची धान्याची पेढी राणीसावरगावहून गंगाखेडला गेली, तेथून परभणीला, आणि आता पुतण्याने तिचे कार्यालय पुण्याला नेण्याचे ठरवले आहे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांच्या पेढ्यांनी गेल्या दोन-तीन पिढ्यांत असाच प्रवास केला आहे. सल्ला विचारताना त्याचा पहिलाच प्रश्न होता, “काका, ट्रक किती लागतील?” मी त्याला म्हटले, की तो प्रश्न सर्वांत शेवटचा आणि सर्वांत सोपा आहे. ट्रकात न मावणाऱ्या गोष्टींची यादी आधी कर. त्या वेळी त्याला ते कोडे वाटले असावे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कार्यालये गावोगाव हलतात हे काही नवे नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेचेच उदाहरण घ्या. १ एप्रिल १९३५ रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचे केंद्रीय कार्यालय कलकत्त्यात होते. १९३७ मध्ये ते कायमचे मुंबईला आले. आज मुंबईवाचून रिझर्व्ह बँकेची कल्पनाही करवत नाही. स्थलांतराचे दुसरे टोक आम्हा मराठवाड्याच्या लोकांना शाळेपासूनच ठाऊक असते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. सारी दिल्ली हलवली की केवळ उमराव आणि विद्वान मंडळींना आणले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु काही वर्षांतच राजधानी परत गेली याविषयी नाहीत. वाटेत धर्मशाळा होत्या, सावलीसाठी झाडे लावली होती, असेही वर्णन मिळते. म्हणजे प्रवासाची व्यवस्था वाईट नव्हती. ज्यांना जायचे होते त्यांना कोणी विचारले नव्हते, हीच त्यातली उणीव.

याहूनही जवळचे उदाहरण १९५६ चे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. राजधानी हैदराबादची मुंबई झाली. माझे वडील सांगत, की कारकून जुनी कागदपत्रे वाचता येणाऱ्या माणसाच्या शोधात असत, कारण जुने दप्तर उर्दूत, त्याहून जुने मोडीत, आणि नवे हुकूम मात्र मराठी-इंग्रजीत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली, तेव्हा हैदराबादकडील जुन्या दप्तराचा विषय पुन्हा निघाला. ज्या प्रश्नावरून हे घडले त्यात शिरण्याचे मला प्रयोजन नाही. बँकेच्या माणसाला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. राजधानी हलून सहा दशके उलटली, तरी कोणता कागद कोठे राहिला हा हिशेब पुरता मिटलेला नव्हता.

आता माझा अनुभव. २००४ साली माझ्या बँकेने परभणीचे प्रादेशिक कार्यालय तेव्हाच्या औरंगाबादला हलवण्याचा निर्णय घेतला आणि त्याची आखणी माझ्याकडे दिली. अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर. कर्मचारी सव्वीस. पत्र जानेवारीच्या शेवटी आले; त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का होता आणि ३० जूनपूर्वी काम पूर्ण करावे अशी सूचना होती.

त्या शिक्क्याचा उपयोग काहीच झाला नाही. चौथ्या दिवशी चहावाल्याने मला विचारले, की साहेब, मी आता कोणाला चहा द्यायचा? कार्यालयातील गोपनीय बातमी चहावाल्याला सर्वांत आधी कळते, हे ज्यांनी नोकरी केली त्यांना सांगायला नको. मी वरिष्ठांशी दूरध्वनीवर बोलून परवानगी मिळवली आणि त्याच सायंकाळी सव्वीसही जणांना एकत्र बसवून निर्णय, तारीख आणि कारण सांगितले. अफवेत प्रत्येकाची बदली गडचिरोलीपर्यंत पोहोचली होती. खरे ऐकल्यावर निदान ती औरंगाबादला थांबली.

दुसऱ्या दिवसापासून मी एक जाड वही केली. तिच्यात कपाटे-खुर्च्यांची नोंद नव्हती. प्रत्येकाच्या नावाखाली घरात कोण आहे, मुले कितवीत आहेत, पती किंवा पत्नी कोठे नोकरीस आहे, आई-वडील कोणाजवळ राहतात, निवृत्तीला किती काळ उरला आहे, एवढेच लिहून घेतले. ही माहिती सेवापुस्तिकेत नसते. तीन जणांची मुले दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर होती. एका भगिनीचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दोघांची निवृत्ती वर्षभरावर आली होती. त्या वहीवरून आम्ही तीन गट केले: लगेच जाणारे, वर्षभराने जाणारे, आणि परभणीच्याच शाखांत सामावून घ्यायचे. लिपिक व शिपाई मंडळींना फार दूर नेता येत नाही, हे बँकेच्या करारांतच असते. त्यामुळे तिसऱ्या गटासाठी फार भांडावे लागले नाही. दुसऱ्या गटासाठी मात्र तीन पत्रे लिहावी लागली. “मुलाची दहावी हे प्रशासकीय कारण नाही,” असे एका वरिष्ठांनी मला ऐकवले. मी उत्तर दिले, की ज्याच्या मुलाची दहावी बुडेल तो अधिकारी आपल्या थकीत कर्जांच्या फायली कोणत्या मनाने पाहील, याचा विचार प्रशासनानेच करायचा असतो. वर्षभराची मुदत मिळाली.

तारीख ठरवणे वाटते तितके सोपे नसते. ३१ मार्चची वर्षअखेर आणि ३० सप्टेंबरची सहामाही टाळावी लागते. जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि मृगाचा पाऊस कधी गाठेल याचा नेम नसतो. कागदाचे आणि पावसाचे वैर तर सर्वांना ठाऊकच आहे. आमच्या एका सहकाऱ्यांचा आग्रह अक्षय्य तृतीयेचा होता. पण त्या वर्षी ती एप्रिलमध्ये, लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत आली आणि आमचे निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर. शेवटी २२ मेचा शनिवार आणि त्याला जोडून आलेला रविवार निश्चित केला. ऊन भाजून काढणारे होते, हमालांना दुपारी बारा ते चार विश्रांती द्यावी लागली. पण एकही कागद भिजला नाही.

खरे काम दप्तराचे. बँकांनी आपल्या नोंदी किती काळ जपाव्यात याविषयी १९८५ चे नियम आहेत. काही नोंदी किमान पाच वर्षे, काही आठ वर्षे. मुदत संपलेली रद्दी नव्या शहरात नेऊन तिला भाड्याच्या जागेत ठेवणे म्हणजे दर महिन्याला रद्दीचे भाडे भरणे. म्हणून फेब्रुवारीपासूनच दररोज सायंकाळी एक तास निवडणूक सुरू केली, ही दप्तराची निवडणूक. लाल चिठ्ठी म्हणजे नष्ट करायचे, पिवळी म्हणजे न्यायचे, आणि हिरवी म्हणजे अधिकाऱ्याने स्वतः सोबत न्यायचे. हिरव्या चिठ्ठीत तारणाची मूळ खरेदीखते, न्यायालयीन प्रकरणांच्या फायली आणि कर्ज-कबुलीपत्रे होती. पैशाच्या वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो; कर्जदाराने मुदतीत सही केलेले कबुलीपत्र असेल तर ही मुदत नव्याने मोजली जाते. ते एक पानी कबुलीपत्र एखाद्या गठ्ठ्यात दडले आणि मुदत टळल्यावर सापडले, तर लाखोंचे कर्ज कागदोपत्री उरते, वसूल होत नाही. प्रत्येक गठ्ठ्याची यादी दोन प्रतींत केली, एक गठ्ठ्यात आणि एक माझ्याजवळ. गठ्ठा बांधणाऱ्यानेच तो नव्या जागी सोडायचा, हा नियम कोणासाठीही मोडला नाही.

या यादीतही न मावणारी एक गोष्ट होती. आमच्या कार्यालयात एक वयस्क शिपाई होते. सारे त्यांना मामा म्हणत. कोणत्या शाखेचा कोणता पत्रव्यवहार कोणत्या कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे, हे त्यांना तोंडपाठ. एखादा अधिकारी अर्धा तास शोधत बसे आणि मामा बसल्या जागेवरून सांगत, “तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या, जिंतूरच्या मागं बघा.” ते निवृत्तीला आलेले, औरंगाबादला येणार नव्हते. मी एका तरुण लिपिकाला मार्च आणि एप्रिल असे दोन महिने दररोज एक तास त्यांच्याजवळ बसवले. पहिले आठ दिवस मामा रुसलेले होते. आपली जागा कोणाला तरी देत आहोत असे त्यांना वाटत असावे. मग एके दिवशी त्यांनीच त्या मुलाला बोलावून घेतले आणि जुन्या व्यवस्थापकांच्या हस्ताक्षरांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. हे हस्ताक्षर अमक्याचे, ते सात लिहितात ते एकासारखे दिसते, म्हणून हा खातेक्रमांक असा वाचायचा. हे ज्ञान कोणत्याही नियमावलीत नव्हते. त्या लिपिकाची वही पुढे कित्येक वर्षे वापरात होती.

नव्या जागेविषयी थोडक्यात. भाडेकरार नोंदणीकृत हवा. विजेचा भार आधीच मंजूर करून घ्यावा. दूरध्वनीची जोडणी माणसे पोहोचण्यापूर्वी किमान पंधरा दिवस चालू असावी. आयकर खाते, न्यायालये, वकील, भविष्य निर्वाह निधीचे कार्यालय, शाखा, टपाल खाते या साऱ्यांना नवा पत्ता लेखी कळवून पोच घ्यावी. आजच्या काळात यात वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतील पत्ता आणि संगणकातील माहितीच्या दोन स्वतंत्र प्रती यांची भर पडेल. ही कामे कंटाळवाणी असतात, पण कठीण नसतात. यादी करणारा माणूस मिळाला की होऊन जातात.

कठीण काय असते ते सांगतो. आमच्या कार्यालयात झाडलोटीला एक बाई येत. सकाळी दोन तास, रोजंदारीवर. त्यांचे नाव कोणत्याही पटावर नव्हते. महिन्याअखेर एका व्हाउचरवर अंगठा, एवढाच त्यांचा आणि बँकेचा संबंध, आणि तो बारा वर्षांचा. सव्वीस जणांच्या माझ्या वहीत त्या सत्ताविसाव्या होत्या. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, “सायेब, हापीसच गेल्यावर म्या काय झाडायचं?” त्यांना परभणीच्या शाखेत घ्यावे असा प्रस्ताव मी फेब्रुवारीतच पाठवला. उत्तर आले, की प्रादेशिक कार्यालयाचा हा खर्च कार्यालयाबरोबर नव्या ठिकाणी जाईल. शाखेच्या खर्चात तशी तरतूद नाही. म्हणजे झाडूचा खर्च औरंगाबादला जाणार होता, झाडणारी बाई नव्हे. मी पुन्हा लिहिले. मग मे आला, ट्रक गेले. तिसरे पत्र मी औरंगाबादहून लिहिले. शाखेत दिवसाला दीड तासाची मंजुरी नोव्हेंबरात आली. मधल्या सहा महिन्यांत त्यांनी शहरात दोन घरची धुणी-भांडी धरली होती. मंजुरी आल्यावर त्या शाखेत आल्या खऱ्या, पण पूर्वीपेक्षा अर्धा तास कमी आणि म्हणून पैसेही कमी. सर्व कर्मचाऱ्यांचे समाधानकारक समायोजन झाले, असे आमच्या स्थलांतराच्या अंतिम अहवालात नमूद आहे. तो मसुदा वरून दुरुस्त होऊन आला होता. माझ्या मूळ मसुद्यात एक परिच्छेद अधिक होता.

पुतण्याला मी हीच वही करायला सांगितली. त्याच्या पेढीत चौदा माणसे. त्यांतील मुनीमजी माझ्याहूनही वयाने मोठे. गंगाखेड, पालम, सोनपेठच्या खेड्यांतील कोणत्या शेतकऱ्याचा माल कसा असतो, कोणाला उचल दिली तर ती हंगामाला फिटते, कोणाकडे दिवाळीनंतरच जायचे, हे सारे त्यांच्याजवळ. पुण्याच्या कार्यालयातील संगणकावर येणे रक्कम दिसेल. ती कोणत्या शब्दांत मागायची हे दिसणार नाही. पुतण्याचे म्हणणे, मुनीमजींना सन्मानाने निवृत्त करू, शाल-श्रीफळ देऊ. मी विचारले, की त्यांनी तुझ्याकडे निवृत्ती मागितली आहे का? त्याने मागच्या आठवड्यात त्यांना विचारले. त्यांनी परभणीच्या जुन्या जागेतली दोन दालने आणि एक मदतनीस मागितला आहे. वसुली आणि खरेदी येथूनच पाहीन म्हणतात. पुतण्या त्या दोन दालनांच्या भाड्याचा हिशेब करीत आहे. मी त्याला सांगितले, की हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला एका हंगामाची बुडीत उचल मांडून बघ.

कार्यालय जाते तेव्हा गावाचेही काही जाते, हे कोणत्याच अहवालात येत नाही. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ साली स्थापन झाली तेव्हा तिचे मुख्य कार्यालय नांदेडला होते. २००९ मध्ये महाराष्ट्र गोदावरी ग्रामीण बँकेशी तिचे विलीनीकरण होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, आणि आज मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. १ मे २०२५ पासून ‘एक राज्य, एक प्रादेशिक ग्रामीण बँक’ या धोरणानुसार नागपूरला मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात मिळाली. देशभरातील अशा बँकांची संख्या ४३ वरून २८ झाली. बँकेचे बळ वाढावे म्हणून हे केले जाते आणि त्यात तथ्य आहे. लहान बँकांचे भांडवल किती तोकडे असते हे मी जवळून पाहिले आहे. शाखा जागच्या जागी राहतात, त्यामुळे रोजच्या ग्राहकाला फरक जाणवत नाही. पण आमच्या भागातील शेतकऱ्याला वर्षानुवर्षांतून एकदा, तडजोडीच्या अर्जासाठी वा तक्रारीसाठी, वरच्या कार्यालयात जावे लागते. नांदेडला तो सकाळच्या गाडीने जाऊन रात्री घरी परतू शकत असे. संभाजीनगरला मुक्काम पडतो. मुक्काम म्हणजे लॉज, दोन वेळचे जेवण, आणि रानातल्या जनावरांना पाणी दाखवायला दुसरा माणूस. मुख्यालयाच्या जागेचा निर्णय घेणाऱ्यांपुढे जी टिपणी जाते, तिच्यात या मुक्कामाचा खर्च कोठे मांडलेला मी पाहिला नाही.

या कारणासाठीच परभणीच्या जुन्या जागेत एक टेबल आणि एक लिपिक वर्षभर ठेवावा, असा माझा आग्रह होता. तिघांपैकी वर्षभराने जाणाऱ्या एकाला तेथे बसवले. आलेल्या माणसाचे काम ऐकून घ्यायचे, अर्ज घ्यायचा, आठवड्यातून दोनदा टपालाची थैली औरंगाबादला पाठवायची. पहिल्या तीन महिन्यांत रोज दहा-बारा माणसे येत. नंतर ती कमी होत गेली. जून २००५ मध्ये टेबल बंद झाले. त्या जागेत शिकवणीचे वर्ग सुरू झाले आणि मालकाशी बोलून आम्ही टपालासाठी दाराशी एक पेटी लावून घेतली.

त्या पेटीत पत्रे येतच राहिली. महिन्यातून एकदा शाखेचा शिपाई ती काढून आणी. निमंत्रणपत्रिका, कॅलेंडरांच्या कंपन्यांची पत्रके, कधी न्यायालयाची एखादी नोटीस. नोव्हेंबर २००६ मध्ये पालम तालुक्यातील आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांचे हयातीचे प्रमाणपत्र त्यात निघाले. वय ऐंशीच्या घरात, हात थरथरणारा, पत्ता जुनाच. प्रमाणपत्र तिसऱ्या दिवशी औरंगाबादला पोहोचले आणि त्यांचे निवृत्तिवेतन डिसेंबरमध्ये नेहमीप्रमाणे जमा झाले. कार्यालय हलले आहे हे त्यांना कळले होते की नाही, कोण जाणे.